भिंतीवर पैठणी काढायचीय? आधी माग बघा

कलामहाविद्यालयातून नुकती बाहेर पडलेली मुलं विचारतात, "भिंतीवर पैठणीची नक्षी काढायची आहे, सुरुवात कुठून करू?" मी सांगतो, येवल्याची एसटी पकडा.

माझी पहिली भिंत नाशिकची. साडीचा फोटो प्रोजेक्टरने भिंतीवर टाकला, मुनिया म्हणजे पैठणीवरचा छोटा पक्षी गिरवला, रंग भरले. चोच गोल, पंख वळणदार. येणारेजाणारे थांबून बघायचे. पुढे येवल्यातल्या एका विणकर मावशींना त्याचा फोटो दाखवला, तर म्हणाल्या, "पोपट छान काढलाय. पण मुनिया अशी नसते."

मग त्यांनी मला मागाशी बसवलं. पदराच्या नक्षीत प्रत्येक रंगाची तिल्ली, म्हणजे रेशीम गुंडाळलेली छोटी कांडी, वेगळी. उभे धागे मोजायचे, तेवढ्यांतूनच रेशीम न्यायचं, शेजारच्या रंगात अडकवायचं आणि मागे वळायचं. त्यामुळे मुनियाची पाठ गोल नसतेच, ती बारीक बारीक पायऱ्यांनी उतरते. लांबून आपल्याला गोल वाटते, एवढंच. मावशींनी पदर उलटून दाखवला, तर सुलट बाजू कुठली ते मला ओळखता येईना. आणि मी त्या सगळ्या पायऱ्या ब्रशने गुळगुळीत करून आलो होतो! फार वाईट वाटलं.

आता मी आलेखाच्या कागदावर धागे मोजून नक्षी उतरवतो. ३० चौकटी उंच मुनिया, भिंतीवर एक चौकट ४ इंचांची, म्हणजे १० फूट. आखणीला गवंड्याची दोरी गेरूत घोळवायची, ताणून धरायची आणि टिचकी मारायची. वेळ जातो, पण हा वेळ वाचवू नका. पोलंडच्या नेस्पून या कलावतीने भिंतींवर रंगवलेल्या लेस जरूर बघा. इमारतीएवढ्या मोठ्या झाल्या तरी त्या लेसच वाटतात.

नवं प्लॅस्टर असेल तर महिनाभर थांबा. पावसाळ्यात काम धरू नका. सोनेरी रंगाचा मोह टाळा. माझा उन्हापावसात दोन वर्षांत काळवंडला. जरीसाठी मी मोहरीसारखा गडद पिवळा आणि फिकट पिवळा एकाआड एक ओळीत भरतो. रस्त्यापलीकडून छान झळाळतो.

दर चौरस फुटावर सांगा, परांचीचं भाडं वेगळं लावा. माझ्या अंदाजपत्रकात आता आणखी एक ओळ असते: विणकराची २ दिवसांची मजुरी.