जिरे सोडण्याआधी तळ्यातले किडे मारा

पावसाने जोर धरला की रोहू, कटला, मृगळ या माशांचे जिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्ले, मिळू लागेल. गाडी ठरवण्याआधी तळ्यातल्या किड्यांचा बंदोबस्त करा. दरवर्षी हेच पाहतो: आठ-पंधरा दिवस आधी भरून ठेवलेल्या पाण्यात जिरे थेट ओततात, पुढे जाळ्यात मूठभर पिल्ले येतात आणि बोल हॅचरीला लावला जातो. सहा-सात मिलिमीटरचे जिरे तोवर किड्यांच्या पोटात गेलेले असते.

कडेच्या गवताखालून चाळणी फिरवा आणि हाती येईल ते पांढऱ्या ताटलीत ओता. चतुराची अळी सापडली तर उलटी करून काडीने तिचा खालचा ओठ अलगद ओढा. डोक्याखाली दुमडलेला तो ओठ हातासारखा लांब उघडतो, टोकाला आकडे असतात. पिल्लू टप्प्यात आले की डोळ्याची पापणी लवायच्या आत तो सुटतो. पाणभुंग्याच्या अळीचे डोके चपटे, जबडे विळ्यासारखे. जबड्यातल्या पोकळीतून ती पाचक रस पिल्लात सोडते आणि आतला विरघळलेला गर शोषून घेते. चिखलातली बारीक लाल अळी गाळातले कुजके खाते. तिला राहू द्या, ती माशांचे खाद्य आहे.

म्हणूनच दुकानदार देतो ती कीटकनाशकाची महागडी बाटली नको. तिने लाल अळी मरते, पाणपिसवा (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) मरतात, मग जिरे खाणार काय?

शिफारस साबण-तेलाची आहे: हेक्टरी ५६ किलो स्वस्त खाद्यतेल आणि १८ किलो धुण्याचा साबण, म्हणजे गुंठ्याला साधारण ५६० ग्रॅम तेल, १८० ग्रॅम साबण. साबण गरम पाण्यात विरघळवून तेल घोटा आणि जिरे सोडण्याच्या १२ ते २४ तास आधी शिंपडा. वारा असेल तर थांबा, तवंग फाटतो. पाणभुंग्याची अळी शेपटीचे टोक वर काढून श्वास घेते, पाणढेकूणही हवेसाठी वर येतात. तवंगाखाली ते गुदमरतात.

चतुराची अळी मात्र यातून वाचते. तिचे कल्ले गुदाशयात, तिला वर यावेच लागत नाही. तिच्यावर उपाय तळे आटवण्याचा. माझा अनुभव असा की पाणी भरल्यापासून आठ दिवसांत जिरे पडले तर तिचा त्रास फारसा होत नाही. काठावरचा रात्रीचा दिवाही बंद ठेवा, पाणभुंगे उजेडावर येतात.

बाकीची कामे:
- तळ वाळवणे, गाळ व कडेचे गवत काढणे
- चुना हेक्टरी २५० ते ३५० किलो
- शेण व भुईमूग पेंड
- पाणी जाळीतून गाळून घेणे
- जिऱ्याची पिशवी अर्धा तास तळ्यात तरंगत ठेवणे

तवंगानंतर सकाळी बारीक जाळे दोनदा ओढा. त्यात चतुराच्या अळ्या भरपूर निघाल्या तर जिऱ्याची गाडी चार दिवस पुढे ढकला, तळे उपसा आणि पुन्हा भरा.