खाऱ्या पाण्यातून गोडं पाणी: सॅकमध्ये काय काय ठेवाल

सह्याद्रीत टाक्यातलं पाणी गढूळ असलं तरी गाळून खळखळून उकळलं की भागतं. ही तयारी किनाऱ्यासाठी आहे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं आणि ते उकळून जात नाही. वाफ धरून ती थंडच करावी लागते.

आधी लिटरभराचा, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या. झाकणाला भोक घरीच पाडून ठेवा. त्यात बसेल अशी पाव इंची तांब्याची नळी, दीडेक मीटर, फ्रिज दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानातून आणा. पण नवी कोरीच, कारण वापरलेल्या नळीत तेल असतं. फटी बुजवायला छोट्या पिशवीत मूठभर कणीक ठेवा. एम-सील अजिबात नको. नळी तुंबली तर कणकेचा सांधा सुटून वाफ बाहेर पडते, पक्का सांधा मात्र डबा फोडू शकतो. त्याच कारणाने नळीतून गळणारं पाणी ज्यात साठवाल त्या बाटलीचं तोंड उघडं राहू द्या आणि नळीचं टोक साठलेल्या पाण्यात बुडवू नका.

सुती पंचा हवाच. उतरत्या नळीभोवती तो गुंडाळून त्यावर समुद्राचं पाणी ओतत राहायचं. पंचाच्या खाली नळीला सुतळी बांधून तिचं टोक लोंबतं सोडा, म्हणजे खारे थेंब बाटलीत न जाता वाळूत गळतील. ही सुतळी विसरली तर सगळी मेहनत खारट होते.

जळणाचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. पाणी उकळीला आणायला लागते त्याच्या सात-आठपट उष्णता त्याची वाफ व्हायला लागते, म्हणून गॅसच्या छोट्या डब्यावर विसंबू नका. करवंट्या आणि सुरूची वाळलेली लाकडं गोळा करा. काडेपेटी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली असू द्या. डबा अर्धाच भरा, पाव उरला की उतरवा. पहिलं घोटभर पाणी फेका. जेटीजवळचं डिझेलचा तवंग असलेलं पाणी घेऊच नका, डिझेलचा अंशही वाफेबरोबर येतो.

दोन मीटरचं पारदर्शक प्लॅस्टिकही सोबत असू द्या. १९६५ मध्ये रे जॅक्सन आणि कॉर्नेलियस व्हॅन बाव्हेल यांनी ॲरिझोनाच्या वाळवंटासाठी सुचवलेला उन्हावरचा खड्डा त्याने करता येतो: ओल्या जमिनीत खड्डा खणून त्यावर प्लॅस्टिक ताणायचं, म्हणजे वाफ त्याच्या खालच्या बाजूला थेंब होऊन मधल्या भांड्यात गळते. मात्र भर उन्हातही तो दिवसाला लिटर-दीड लिटरच्या वर जात नाही आणि खणताना घाम गळतो तो वेगळाच.

घामातून गेलेले क्षार या पाण्यात नसतात, म्हणून ओआरएसची लिटरभराची पाकिटं ठेवा. पाकीट पूर्ण लिटरभर पाण्यातच घाला, कमी पाण्यात नाही.