वेबसाइटवर लाइव्ह चॅट कसं लावायचं

मेव्हण्याची रत्नागिरीला हापूसची बाग आहे, सीझनला लोक साइटवर यायचे आणि पेटीचा भाव विचारायला नंबर शोधत बसायचे, शेवटी म्हटलं चॅटच लावून टाकू. कोडिंग येत नसलं तरी जमतं.

मी टॉक डॉट टू ही चॅटची सेवा घेतली, स्पेलिंग टी-ए-डब्ल्यू-के बरं का. फुकट आहे, फक्त चॅटच्या खिडकीत त्यांचं नाव राहतं, ते काढायचं तर पैसे. ईमेलने अकाउंट उघडा, साइटचं नाव-पत्ता भरा की छोटासा जावास्क्रिप्ट कोड मिळतो. तो एचटीएमएलमध्ये बॉडी टॅग बंद होतो त्याच्या बरोब्बर वर पेस्ट करायचा, सगळ्या पानांवर एकच फुटर, म्हणजे पानाचा तळाचा भाग, असेल तर त्यातच टाका. वर्डप्रेसवाल्यांनी कोडला हातच लावू नये, टॉकचं तयार प्लगइन, म्हणजे साइटला जोडायचा छोटा प्रोग्राम, आहे, ते इन्स्टॉल करून लॉगिन करा आणि आपली साइट निवडा, झालं. कोपऱ्यात चॅटचा बबल नाही दिसला तर आधी कॅशे, म्हणजे साठवून ठेवलेली जुनी पानं, साफ करा, इनकॉग्निटोत म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडून बघा.

हे सगळं पंधरा-वीस मिनिटांचं काम, खरी गंमत पुढे. मेव्हण्याच्या मोबाइलमध्ये टॉकचं अॅप टाकून दिलं आणि मी निर्धास्त. रविवारी तो बागेत, इकडे फोनने बॅटरी वाचवायला अॅपला झोपवून टाकलेलं, संध्याकाळी बघतो तर एकाने लिहिलेलं "आहे का कोणी?" आणि खाली "राहू द्या". गेली पेटी! म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या अॅपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा, आणि टॉकच्या शेड्यूलरमध्ये, म्हणजे वेळापत्रकात, आपण खरंच उत्तर देऊ शकतो तेवढीच वेळ टाका, टाइमझोन भारताचा आहे ना तेही बघा. बाकीच्या वेळी लोकांना मेसेज ठेवायचा फॉर्म दिसतो, ते बरं.

चॅटआधीच्या फॉर्ममध्ये नाव आणि मोबाइल एवढंच विचारा, जास्त रकाने दिसले की माणूस पळतो. भाव, डिलिव्हरी, पेटीत किती डझन हे रोजचे प्रश्न, त्यांची उत्तरं शॉर्टकटमध्ये साठवा, स्लॅश दाबला की यादी येते.

आणि दिवसभर ऑनलाइन राहणारं कोणीच नसेल तर सरळ व्हॉट्सअॅपचं बटण लावा, लिंकमध्ये डब्ल्यूए डॉट एमई, मग स्लॅश, मग ९१ आणि पुढे आपला दहा आकडी नंबर. आकडे इंग्रजी कीबोर्डने टाका, आधी शून्य नको, अधिकचं चिन्हही नको.