टॅबवर ॲप दिसत नाही? या चुका टाळा

आठवड्यातून एकदा तरी कुणा ना कुणा ॲप बनवणाऱ्याचा फोन येतोच. "दादा, ॲप मोबाइलवर दिसतंय, टॅबवर शोधलं तर येतच नाही. प्ले स्टोअरचं काहीतरी बिघडलंय." स्टोअरचं काही बिघडलेलं नसतं. तुमच्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपला काय काय लागतं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, जे लिहिलंय ते वाचून ते गुमान वागत असतं. 'ज्यात फोनची सोय नाही त्या यंत्राला हे ॲप दाखवू नका' असं तुम्हीच तिथे लिहून दिलेलं असतं, फक्त आपण ते लिहिलंय याचा तुम्हाला पत्ता नसतो. बडोद्यात रावपुऱ्यात दोन खोल्यांच्या ऑफिसात बसून मी वर्षानुवर्षं हेच निस्तरतोय. चुका त्याच पाच-सहा. त्यातली सगळ्यात महागडी मी स्वतः केलेली आहे, म्हणून तिच्यावरच जास्त लिहितो.

न मागता मागितलेला फोन

परवानगी मागितली की त्यामागचं हार्डवेअरही मागितलं, असा प्ले स्टोअरचा हिशेब आहे. मॅनिफेस्टमध्ये 'कॉल फोन' ही थेट फोन लावायची परवानगी घातलीत, किंवा एसएमएस पाठवण्याची, वाचण्याची, घेण्याची परवानगी घातलीत, की स्टोअर धरून चालतं की ॲपला टेलिफोनी, म्हणजे सिमवरून फोन-एसएमएस करायची सोय, लागतेच. नुसत्या वायफायवर चालणाऱ्या टॅबमध्ये टेलिफोनी नसते. मग त्या टॅबवर तुमचं ॲप शोधूनही सापडत नाही. एरर नाही, इशारा नाही, काही नाही.

चारेक वर्षांपूर्वीची गोष्ट. दांडिया बाजाराच्या बाजूला एका काकांचं शेव उसळीचं दुकान आहे. नवरात्रात गरबा सुटला की रात्री बारा-साडेबाराला तिथे जी झुंबड उडते, ती बडोदेकराला वेगळी सांगायला नको. काकांना ऑर्डर घ्यायला टॅब हवे होते, ॲप मी केलं. पार्सलच्या ऑर्डरमध्ये गिऱ्हाइकाच्या नंबराशेजारी एक हिरवं बटण होतं, दाबलं की थेट फोन लागायचा. त्या बटणाचं मला फार कौतुक. काकांनी घासाघीस करून सहा टॅब आणले, सिमची खाच नसलेले. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन: "अरे, तुझं ॲप ह्यात येतच नाही. नाव नीट टाकलंय मी, दोनदा टाकलं." मी माझ्या टॅबवर पाहिलं, तर दिसत होतं. माझा टॅब सिमवाला होता, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

आणि मग मी ते केलं, ज्यासाठी आज ऑफिसातल्या पोरांवर ओरडतो. एपीके, म्हणजे ॲप इन्स्टॉल करायची फाइल, स्टोअर टाळून थेट व्हॉट्सॲपवर पाठवून दिली. सहाही टॅबवर झटक्यात बसली. बसणारच, कारण हार्डवेअर बघून गाळायचं काम स्टोअर करतं. इन्स्टॉल करताना अँड्रॉइड स्वतः ते तपासत नाही. आडवाटेने घातलेलं ॲप मस्त चालतं आणि मूळ दुखणं झाकलं जातं.

सप्तमीला कळलं की पार्सलचा डबा बिलात दोनदा लागतोय. तोवर मला टेलिफोनीची भानगड समजली होती, म्हणून दोन्ही दुरुस्त्या एकत्र स्टोअरवर चढवल्या. अष्टमीला संध्याकाळी टॅबवर ॲप दिसायला लागलं. खूश होऊन अपडेट दाबलं, तर इन्स्टॉल होईना. व्हॉट्सॲपवरची एपीके माझ्या लॅपटॉपवरच्या किल्लीने डिजिटल सही केलेली, आणि स्टोअर गिऱ्हाइकाला देतं ती प्रत गूगलकडे ठेवलेल्या किल्लीने. सही जुळत नाही म्हटल्यावर जुनं काढल्याशिवाय नवं बसत नाही. मी एकेक टॅब घेऊन काढत सुटलो. फुटपाथवरच्या टेबलांपर्यंत वायफाय पोचत नव्हतं, तिथल्या दोन टॅबवरची संध्याकाळपासूनची बिलं सर्व्हरवर गेलीच नव्हती. ॲपबरोबर तीही गेली.

काका एक शब्द बोलले नाहीत. स्वयंपाकघरातल्या तारेला टोचलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा, एक वही आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. रात्री तीनपर्यंत मी चिठ्ठ्या जुळवत बसलो होतो. मध्येच त्यांनी शेव उसळीची एक प्लेट आणून ठेवली, तिची तर्री नेहमीपेक्षा चांगलीच तिखट होती.

आता उपाय. पहिली गोष्ट, 'कॉल फोन' परवानगी मुळात लागतच नाही. 'ॲक्शन डायल' वापरा: नंबर भरलेला डायलर उघडतो, हिरवं बटण माणूस स्वतः दाबतो, परवानगी शून्य. मात्र वायफायच्या टॅबवर डायलरच नसला तर हेच बटण दाबल्यावर ॲप धाडकन बंद पडतं. म्हणून आधी 'हॅज सिस्टम फीचर' विचारून टेलिफोनी आहे का बघा. नसेल तर बटण लपवा आणि नंबर ठसठशीत अक्षरांत दाखवा. काकांची पोरं आता तो नंबर बघून खिशातल्या मोबाइलवरून लावतात, कुणाचं काही अडत नाही. ओटीपी आपोआप उचलण्यासाठी एसएमएसची परवानगी घालणारेही आहेत. त्यासाठी गूगलची एसएमएस रिट्रीव्हर सोय आहे, तिला परवानगी लागत नाही. तशीही २०१९ पासून एसएमएस आणि कॉल लॉगच्या परवानग्यांवर प्ले स्टोअरची करडी नजर आहे, त्या वाटेला जाऊच नका. एखादी परवानगी खरंच हवी असेल, तर त्या हार्डवेअरची 'युझेस-फीचर' ओळ स्वतः लिहा आणि तिच्यात 'रिक्वायर्ड' ला 'फॉल्स' द्या, म्हणजे 'असलं तर बरं, नसलं तरी चालेल'. एवढ्या एका ओळीचं काम.

कॅमेऱ्याचंही हेच. कॅमेऱ्याची परवानगी मागितली की मागचा कॅमेरा आणि ऑटोफोकस दोन्ही गृहीत धरले जातात. स्वस्तातल्या टॅबवर ऑटोफोकस नसणं अगदी नेहमीचं, काहींना तर फक्त पुढचाच कॅमेरा असतो. दोन्हींना 'फॉल्स' द्या. आणि कॅमेऱ्याशिवाय ॲपचं चालणारच नसेल, तर 'कॅमेरा डॉट एनी' मागा, म्हणजे पुढचा असला तरी पुरतो.

"पण मी तर ती परवानगी घातलीच नाही!"

घातली असेल तुमच्या लायब्ररीने, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या तयार कोडने. जाहिरातींची, चॅटची, पेमेंटची, कसलीही लायब्ररी जोडा, तिचं मॅनिफेस्ट तुमच्यात येऊन मिसळतं. तुम्ही लिहिलेली फाइल स्वच्छ असते, स्टोअर वाचतं ती मिसळलेली. ॲप बांधायच्या अँड्रॉइड स्टुडिओत मॅनिफेस्टच्या फाइलखालीच 'मर्ज्ड मॅनिफेस्ट' असं बटण आहे, ते दाबायला दोन सेकंद लागतात. नको असलेली परवानगी सापडली की तुमच्या मॅनिफेस्टमध्ये तिच्यावर 'टूल्स नोड रिमूव्ह' लावून उडवा.

माझी स्वतःची सवय आणखी जुनाट. स्टोअरवर काहीही चढवण्याआधी एपीकेवर 'एएपीटी डंप बॅजिंग' ही आज्ञा चालवतो आणि 'युझेस-इम्प्लाइड-फीचर', म्हणजे न सांगता गृहीत धरलेलं हार्डवेअर, असलेल्या ओळी वाचतो. त्यात कारणही छापलेलं असतं: टेलिफोनीची परवानगी मागितली म्हणून टेलिफोनी लागते, असं सरळ. त्या ओळी मी वहीत हाताने उतरवतो. पोरं हसतात. पण मागच्या वेळी चार ओळी होत्या आणि आज पाच झाल्या, हे मला वहीमुळेच कळतं.

कुठून तरी चिकटवलेलं 'कंपॅटिबल-स्क्रीन्स'

मॅनिफेस्टमधल्या या टॅगचा मला मनापासून राग आहे. टॅबवर ॲप दिसत नाही म्हणून कुणीतरी कुठूनतरी हा टॅग उचलतो आणि चिकटवतो. नाव बघून वाटतं की याने आणखी पडदे जोडले जातील. प्रत्यक्षात उलटं घडतं. ही यादी आमंत्रितांची आहे. पडद्याचा आकार आणि घनता (इंचात किती ठिपके) यांची जी जोडी यादीत नाही, तिला दारातूनच परत पाठवलं जातं. २०१२ मध्ये नेक्सस ७ आला तेव्हा त्याची घनता २१३ निघाली, ना धड मध्यम ना धड उच्च. ज्यांच्या यादीत फक्त नेहमीच्या घनता होत्या, त्यांची ॲप त्या टॅबवर गायब. तेव्हा लोकांनी २१३ ची एक ओळ वाढवली आणि पुढच्या टॅबची वाट बघत बसले. हा टॅग वापरू नका असं अँड्रॉइडच्या कागदपत्रांतच म्हटलंय. दिसला की काढून टाका. 'सपोर्ट्स-स्क्रीन्स' हा वेगळा टॅग आहे. त्यात मोठ्या किंवा अतिमोठ्या पडद्याला कुणी 'फॉल्स' देऊन ठेवलेलं नाही ना, एवढं बघा.

बाकीच्या, भराभर

गूगलने ऑगस्ट २०१९ पासून ६४ बिटची प्रत सक्तीची केली, पण ३२ बिटची फेकून द्या असं म्हटलेलं नाही. बऱ्याच स्वस्त टॅबवर ३२ बिटचं अँड्रॉइड चालतं, दोन्ही ठेवा.

किमान अँड्रॉइड आवृत्ती विनाकारण चढवू नका. टॅब घरात आठ-आठ वर्षं नांदतात, मोबाइलसारखे दर दिवाळीला बदलत नाहीत.

प्ले कन्सोल म्हणजे स्टोअरवर ॲप चढवायची जागा, तिथल्या डिव्हाइस कॅटलॉगमध्ये रॅमवरून यंत्रं वगळायचा नियम लावता येतो. कधीतरी, एखाद्या क्रॅशच्या रागात, तुम्हीच तो लावला असेल आणि विसरला असाल.

स्टोअरच्या पानावर टॅबचे स्क्रीनशॉट वेगळे द्यावे लागतात, ७ इंची आणि १० इंची. मोबाइलचाच उभा फोटो ताणून तिथे टाकू नका. टॅबवर उघडून काढा, निदान चार तरी.

आणि ॲप टॅबवर दिसायला लागलं म्हणून मिरवू नका. मोबाइलचाच लेआउट, म्हणजे पडद्यावरची मांडणी, दहा इंचांवर पसरला की एकेक बटण पाटाएवढं होतं. ६०० डीपी (अँड्रॉइडचं पडद्याचं माप) रुंदीपासून पुढे वेगळा लेआउट द्या. ॲप उभं खिळवून ठेवायची पळवाटही आता बंद होत आली आहे: २०२५ च्या अँड्रॉइड १६ साठी बांधलेलं ॲप असेल तर ६०० डीपी आणि त्याहून मोठ्या पडद्यावर तो हट्ट सिस्टम सहसा मोजत नाही, खेळांचा अपवाद सोडून.

आयपॅडचं सोपं. नुसतं आयफोनसाठी केलेलं ॲपही आयपॅडवर छोट्या चौकटीत चालतं. पण 'रिक्वायर्ड डिव्हाइस कपॅबिलिटीज' मध्ये, म्हणजे यंत्रात काय हवंच त्या यादीत, टेलिफोनी लिहिलीत तर तेही नाही. आणि एकदा आयपॅडला पाठिंबा देऊन ॲप बाहेर काढलंत की पुढच्या अपडेटमध्ये तो काढून घेता येत नाही. तेव्हा हौसेने आयपॅडपुढे खूण करू नका.

चहा होईपर्यंतही धीर नाही

दुरुस्ती चढवली, दहा मिनिटांनी टॅब हातात घेतला, दिसलं नाही, लगेच मॅनिफेस्टमध्ये आणखी तीन ठिकाणी हात घातला, पुन्हा चढवलं. संध्याकाळी ॲप दिसलं, पण कशामुळे दिसलं हे कुणाला सांगता येत नाही. महिन्याने तीच अडचण पुन्हा येते तेव्हा तेच गृहस्थ पुन्हा माझ्या दारात. अपडेट तपासलं जातं, मग पसरतं, त्याला काही तास लागतात, कधी दिवसही. मी एका वेळी एकच बदल करतो आणि टॅबला हात लावण्याआधी डिव्हाइस कॅटलॉग उघडतो. तिथे टॅबचं मॉडेल शोधलं की ते चालतं की वगळलंय, आणि वगळलं असेल तर कशापायी, हे लिहिलेलं असतं. अंदाज कशाला बांधायचा?

तपासायला सिमवाला टॅब घेऊ नका. माझ्या खणात काकांनीच नंतर देऊन टाकलेला एक वायफायवाला पडून आहे, काचेला एका कोपऱ्यात तडा आहे, बॅटरी तासभर टिकते. त्यावर दिसलं तर दिसलं असं मी धरतो.

एवढं करूनही अडलंत तर फोन जरूर करा. फक्त कॅटलॉगमधलं कारण, 'इम्प्लाइड-फीचर' च्या ओळी आणि टॅबचं नेमकं मॉडेल हाताशी घेऊन करा. "काळा आहे, मोठा आहे" यावरून मला मॉडेल ओळखता येत नाही.