लंडनमधल्या महिला संस्थेत काम करायचं तर

मास्टर्ससाठी किंवा नवऱ्याच्या नोकरीमुळे लंडनला आलेल्या मुली मला विचारतात, "ताई, बायकांसाठी काम करणाऱ्या संस्थेत शिरायचं कसं?" पश्चिम लंडनमधल्या अशाच एका लहान संस्थेत मी आधी स्वयंसेवक होते, आता केसवर्कर, म्हणजे एकेका बाईचं प्रकरण हाताळणारी कर्मचारी, आहे. अर्ज भरणं सोपं आहे. मुलाखतीत गाडी अडते ती "तुमच्यासारख्या वेगळ्या संस्थेची गरजच काय?" या प्रश्नावर. तिथे "मला समाजसेवेची आवड आहे" हे उत्तर चालत नाही.

त्यासाठी पश्चिम लंडनमधल्या साउथॉलचा इतिहास वाचून जा. 23 एप्रिल 1979 ला तिथे नॅशनल फ्रंट या वंशद्वेषी पक्षाच्या सभेविरुद्धच्या निदर्शनांत ब्लेअर पीच हा शिक्षक डोक्यावर बसलेल्या फटक्याने गेला. त्याच वर्षी एशियन आणि आफ्रिकन-कॅरिबियन बायकांनी 'साउथॉल ब्लॅक सिस्टर्स' उभी केली. रस्त्यावरचा वंशद्वेष आणि घरातला मार, दोन्हींविरुद्ध एकदमच. छळणाऱ्या नवऱ्याच्या खुनाबद्दल किरणजित अहलुवालियाला झालेली जन्मठेप 1992 मध्ये अपिलात रद्द झाली, त्यामागच्या मोहिमेत हीच संस्था होती. 2008 मध्ये तिथल्या ईलिंग कौन्सिलने, म्हणजे स्थानिक पालिकेने, संस्थेचं अनुदान काढून सगळ्या बायकांसाठी एकच सेवा ठेवायचा घाट घातला. प्रकरण हायकोर्टात गेलं आणि कौन्सिलला माघार घ्यावी लागली. मुलाखतीच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला तरी या प्रकरणात सापडलं: सगळ्यांसाठीची एकच सेवा सगळ्या बायकांना पुरत नाही.

प्रत्यक्ष काम बरंचसं फोनवर चालतं. समजा, डिपेंडंट व्हिसावरची, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या आधारावर इथे आलेली, एक मुलगी दबक्या आवाजात बोलतेय. पासपोर्ट सासूच्या कपाटात, आणि नवरा म्हणतो, "व्हिसा रद्द करून परत पाठवीन." पहिला प्रश्न काय झालं हा नसतो. "आत्ता बोललं तर चालेल ना? नुसतं हो-नाही सांगा," इथून सुरुवात. मग परत फोन केला तर कोण उचलेल, ते विचारायचं. व्हॉइसमेल तिने सांगितल्याशिवाय ठेवायचा नाही. तिचे शब्द तिच्याच भाषेत, तारखेसकट लिहायचे. "कौटुंबिक वाद" असं गुळगुळीत करायचं नाही. आणि तिने नवऱ्याला सोडावं की नाही, हे आपण ठरवायचं नाही. आपल्याकडच्या मुलींना हे फार जड जातं. समजूत घालायची सवय लहानपणापासून लागलेली.

व्हिसाबद्दल स्वतःच्या अंदाजाने एक अक्षर बोलायचं नाही. नोंदणी नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं इथे गुन्हा आहे, फुकट दिला तरी. पण अशा मुलीसाठी वाट असते, एवढं आपल्याला माहीत हवं. 2024 पासून विद्यार्थी आणि स्किल्ड वर्कर यांच्या जोडीदारांनाही, घरातल्या छळामुळे नातं तुटलं असेल तर, 3 महिने इथे राहण्याच्या सवलतीसाठी अर्ज करता येतो आणि त्या काळात सरकारी मदत मागता येते. अर्ज मात्र नोंदणीकृत सल्लागाराशी बोलूनच. कारण त्यामुळे सध्याचा व्हिसा संपतो, आणि पुढे कायम राहण्याचा हक्क या बायकांना त्यातून मिळत नाही.

मराठी येतं म्हणून दुभाष्याचं काम तुमच्याकडे येईल. करा, पण समोरची बाई ओळखीची निघाली तर लगेच सुपरवायझरला सांगून बाजूला व्हा. इथला मराठी गोतावळा छोटा आहे. गणपतीच्या आरतीला तीच आणि तिची सासू तुमच्या शेजारी उभ्या राहतील.

प्रशिक्षणातला वंशभेदाचा भाग आपल्याला वाटतो तितका सोयीचा नसतो. गोऱ्यांनी आपल्याला काय केलं, हे सगळ्यांना सांगायचं असतं. आपल्या घरांत "त्या काळ्यांच्या वस्तीत घर घेऊ नको" असं कोण म्हणतं, सून निवडताना रंग आणि जात कोण बघतं, यावर खोलीत शांतता पसरते. मला विचाराल तर निवड तिथेच होते.

कागदपत्रांत डीबीएस, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची सरकारी, तपासणी लागते. स्वयंसेवकांना ती मोफत असते. तिला भारतातल्या नोंदी दिसत नाहीत, म्हणून काही संस्था पासपोर्ट सेवेतून काढलेलं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटही मागतात. स्टुडंट व्हिसावर असाल तर काम नेमकं कोणत्या प्रकारचं, हे लेखी घ्या: ठरलेल्या वेळा आणि बांधिलकी असलेलं विनापगारी काम तुमच्या आठवड्याच्या 20 तासांत मोजलं जातं.

पगारी जागांच्या जाहिरातींत "फक्त महिलांसाठी" दिसलं तर बिचकू नका, 2010 च्या इक्वॅलिटी ॲक्टमध्ये तशी सोय आहे. पगार बेताचा, आणि नोकरी बहुतेकदा अनुदान असेपर्यंतच. स्वयंसेवकाला प्रवासखर्च मिळतो का, तेवढं पहिल्याच दिवशी विचारून घ्या.