युनिट लेबर कॉस्टचा आकडा समोर आला की तो वाचायचा कसा

"मजुरी वाढली म्हणून निर्यात बसली" असं वाक्य बातमीत किंवा कुणाच्या पोस्टमध्ये दिसलं आणि खाली युनिट लेबर कॉस्टचा ग्राफ चिकटवलेला असला की लगेच मान डोलवू नका. युनिट लेबर कॉस्ट म्हणजे एक नग माल काढायला किती मजुरी पडली. हा आकडा नुसत्या पगाराचा नसतो, तो मजुरीला उत्पादनाने केलेला भागाकार आहे, आणि बऱ्याचदा खरी भानगड खालच्या आकड्यात म्हणजे छेदात असते.

आधी हिशोब हातानं करून बघा. वर घ्यायचा कामगारांवरचा एकूण खर्च, म्हणजे हातात पडणारा पगार अधिक मालकाने भरलेला विमा, पेन्शन वगैरे सगळं. खाली घ्यायचं उत्पादन, महागाई वजा करून. समजा एका कारखान्यात तासाला २०० मिळतात आणि कामगार तासाला १० नग काढतो, तर नगामागे मजुरी पडली २०. दुसरीकडे तासाला फक्त ४० देतात पण मशीन जुनाट, वीज सारखी जाते, तासाला जेमतेम १ नग निघतो, तिथे नगामागे पडले ४०. म्हणजे पाचपट पगार देणारा निम्म्या खर्चात माल काढतोय. "स्वस्त मजूर" हा शब्द ऐकला की हे गणित आठवायचं, बस.

वाढीचा हिशोब अजून सोपा. पगारवाढीतून उत्पादकतेची (म्हणजे एक कामगार तासाला किती माल काढतो त्याची) वाढ वजा करा. पगार ५ टक्के वाढले, उत्पादकता ३ टक्के वाढली, तर युनिट लेबर कॉस्ट साधारण २ टक्के वाढली (काटेकोर केलं तर १.९४, पण एवढं कोण बघतं).

आता छेद तपासा, इथेच खरा वेळ घालवा. उत्पादकता वाढलेली दिसली तर ती कशामुळे हे विचारायचं. आयर्लंडमध्ये २०१५ साली जीडीपी एका वर्षात २५ टक्क्यांच्या आसपास उडाला, आणि त्याचं मोठं कारण असं की बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपले पेटंटसारखे हक्क तिकडच्या हिशोबात हलवले, कामगार तेच, काम तेच, पण कागदावर उत्पादकता गगनाला आणि युनिट लेबर कॉस्ट धाडकन खाली. शेवटी त्यांच्या सांख्यिकी खात्याला हे वगळून मोजणारं वेगळं मापच काढावं लागलं. स्पेनचं वेगळं, तिथे २००८ नंतर बांधकाम कोसळलं, कमी उत्पादकतेच्या नोकऱ्या ढिगाने गेल्या, त्यामुळे उरलेल्यांची सरासरी आपोआप वर गेली. आकडा सुधारला, पण लाखो लोक घरी बसून सुधारला, त्याला स्पर्धाक्षमता म्हणायचं का ते तुम्हीच ठरवा.

मग ग्राफचं सुरुवातीचं वर्ष बघा. सगळ्या देशांच्या रेषा १०० वर सुरू होतात म्हणून ते सगळे त्या वर्षी सारखेच होते असं अजिबात नाही, इंडेक्स फक्त वाढ सांगतो, पातळी नाही. युरो १९९९ ला आला, त्यानंतरच्या आठ-नऊ वर्षांत जर्मनीची रेषा जवळपास आडवी आणि ग्रीस, स्पेन, पोर्तुगालच्या वर चढलेल्या, हा ग्राफ तुम्ही पाहिला असेलच. पण पूर्व आणि पश्चिम जर्मनीच्या एकत्रीकरणानंतर नव्वदच्या दशकात जर्मनीचा खर्च आधीच फुगलेला होता, १९९० पासून सुरू केलं तर चित्र बरंच वेगळं दिसतं. आणि युरोपियन सेंट्रल बँकेचं लक्ष्य २ टक्क्यांच्या जवळपास महागाईचं, म्हणजे उत्पादकतेपेक्षा साधारण तेवढी जास्त पगारवाढ चालणारच होती, त्या मापाने दक्षिणेकडचे जास्त धावले तसा जर्मनीही मागे रेंगाळला. हे मात्र फार कमी जण बोलतात.

चलन विसरू नका. देशात युनिट लेबर कॉस्ट ४ टक्के वाढली आणि चलन डॉलरसमोर १० टक्के पडलं, तर डॉलरमध्ये ती साडेसहा टक्क्यांच्या आसपास कमीच झाली. म्हणून देशांची तुलना एकाच चलनात करायची. युरोतल्या देशांना आपसात चलन पाडायचा हा मार्गच नाही, तिथे सगळा भार पगारावर आणि उत्पादकतेवर येतो.

अजून एक, आकडा चालू किमतीतल्या, म्हणजे महागाई वजा न केलेल्या पगाराचा असतो, त्यामुळे महागाई भडकली आणि पगार तिच्यामागे कसेबसे धावले तरी तो वाढतो. अशा वेळी एकूण उत्पन्नात कामगारांचा वाटा किती ते शेजारी ठेवा. तो घसरत असेल तर किमती मजुरीने वाढल्या म्हणणं जरा जास्तच होतं, नफ्याकडेही बोट दाखवावं लागेल.

आणि समजा सगळं तपासलं, युनिट लेबर कॉस्ट खरंच वाढलीय, तरी निर्यात पडणारच असं नाही. निकोलस काल्डॉर या अर्थतज्ज्ञाने १९७८ मध्ये दाखवलं की ज्या देशांचा हा खर्च इतरांपेक्षा जास्त वाढला त्यातल्या काहींचा, उदा. जपान आणि जर्मनीचा, निर्यातीतला वाटा उलट वाढला होता. मालाचा दर्जा, वेळेवर डिलिव्हरी, विक्रीनंतरची सेवा हे या आकड्यात येतच नाही. त्यामुळे शेवटी निर्यातीच्या वाट्याचा आकडा वेगळा काढून शेजारी लावा, आणि शक्य असेल तर पूर्ण अर्थव्यवस्थेऐवजी फक्त कारखानदारीची युनिट लेबर कॉस्ट घ्या, कारण केशकर्तनालय आणि शाळा काही निर्यात होत नाहीत. ओईसीडी (मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना) आणि युरोस्टॅट (युरोपियन युनियनचं सांख्यिकी खातं) यांच्या साइटवर अशी आकडेवारी फुकट मिळते.