टोला मारणारी जाहिरात वाचायची कशी

व्हिडिओ गेम कंपन्यांनी एकमेकींवर सोडलेल्या जुन्या जाहिराती यूट्यूबवर हव्या तेवढ्या सापडतात. लोक बघतात, हसतात, पुढे सरकतात. माझी विनंती आहे की थोडं थांबा. मी जुने कन्सोल, म्हणजे गेम खेळायची मशीन, दुरुस्त करतो, आणि मशीन उघडण्याआधी त्याची जाहिरात बघतोच, शिवाय त्याच्यावर टोला मारणारी प्रतिस्पर्ध्याची जाहिरातही शोधून बघतो. कोणाला कशाची धास्ती होती, ते तिथे उघड दिसतं.

सुरुवात तारखेपासून करा. 'जेनेसिस डझ व्हॉट निंटेन्डोन्ट' (निंटेन्डोला जे जमत नाही ते जेनेसिस करतो) ही सेगा कंपनीची तिच्या जेनेसिस या कन्सोलसाठीची घोषणा अमेरिकेत १९९०च्या सुमारास गाजली. जेनेसिस तिथे ऑगस्ट १९८९मध्ये आला होता, आणि प्रतिस्पर्धी निंटेन्डोचा १६-बिट (८-बिटच्या पुढच्या पिढीचा) सुपर निंटेन्डो यायला ऑगस्ट १९९१ उजाडला. म्हणजे मधली दोन वर्षं सेगाचं नवं १६-बिट मशीन निंटेन्डोच्या जुन्या ८-बिट मशीनशी तुलना करून विकलं जात होतं. यात खोटं काही नाही. पण ही दोन वर्षं हातची जाऊ द्यायची नाहीत, हा सेगाचा हिशोब तारीख बघितल्याशिवाय कळत नाही.

मग आवाज बंद करून बघा. निवेदकाचा जोश आणि संगीत गेलं की पडद्यावर काय काय दाखवलंय तेवढंच उरतं. यासाठी सेगाची 'ब्लास्ट प्रोसेसिंग'ची जाहिरात घ्या. एकीकडे रेसची सुसाट गाडी, तिच्यावर जेनेसिसचे गेम. दुसरीकडे एक खटारा व्हॅन, तिच्यावर 'सुपर मारिओ कार्ट'. आता त्या मारिओ कार्टच्या चित्राकडे नीट बघा. रस्त्याची अख्खी जमीन गाडीभोवती फिरते आहे. सपाट चित्र असं फिरवण्याची सोय सुपर निंटेन्डोच्या हार्डवेअरमध्येच आहे, जेनेसिसमध्ये ती नाही. शिवाय त्या गेमच्या कार्ट्रिजमध्ये गणितासाठी एक जादा चिप बसवलेली आहे. म्हणजे खटारा ठरवायला सेगाने नेमका असा गेम निवडला, जो जेनेसिसला तसाच्या तसा जमला नसता. मला ही निवड फार बोलकी वाटते.

तिसरं काम म्हणजे प्रत्येक विशेषणाचा आकडा मागायचा. पहिल्या मॉडेलचा जेनेसिस उघडला की ६८००० हा आकडा छापलेली ६४ पायांची लांबलचक चिप लगेच डोळ्यात भरते. तिचा वेग ७.६७ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला साधारण ७७ लाख ठोके. सुपर निंटेन्डोचा जास्तीत जास्त ३.५८. एवढं ऐकून सेगाला गुण देऊन मोकळे होऊ नका, कारण सुपर निंटेन्डोची चिप बरीचशी कामं कमी ठोक्यांत उरकते, त्यामुळे आकडा दुप्पट म्हणून वेग दुप्पट होत नाही. तरी सेगाचं मशीन चपळ होतं, हे मी मान्य करतो. रंगांत मात्र ते मागे होतं : पडद्यावर एका वेळी ५१२पैकी ६४ रंग, तर सुपर निंटेन्डोवर ३२,७६८पैकी २५६. आणि 'ब्लास्ट प्रोसेसिंग' नावाची चिप? बोर्डावर कितीही शोधा, मिळणार नाही. ते मार्केटिंगने दिलेलं नाव आहे.

सगळ्यात महत्त्वाचं, काय दाखवलेलं नाही ते शोधा. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मॅटेल कंपनीने आपल्या इंटेलिव्हिजन या कन्सोलसाठी लेखक जॉर्ज प्लिम्प्टन यांना टीव्हीवर आणलं. दोन पडदे शेजारी शेजारी, दोन्हींवर बेसबॉल, आणि प्रतिस्पर्धी अटारीचा खेळ खरोखरच केविलवाणा दिसतो. मॅटेलचं म्हणणं बरोबर होतं. पण अटारीकडे १९८०पासून घरी खेळायचा 'स्पेस इन्व्हेडर्स' होता आणि मुलांना तोच हवा होता. क्रीडा-गेमचा टोला मात्र लागला असावा, कारण १९८२मध्ये अटारीने 'रिअलस्पोर्ट्स' मालिका काढली. टोला मारल्यावर समोरच्याने पुढच्या वर्षा-दोन वर्षांत काय बदललं, हेही म्हणूनच तपासत जा.

हातात धरायच्या मशीनचंही असंच. सेगाने आपल्या गेम गिअरच्या जाहिरातींत निंटेन्डोच्या गेम बॉयच्या करड्या-हिरवट पडद्याची यथेच्छ टिंगल केली. गेम गिअरमध्ये सहा पेन्सिल सेल लागतात आणि ते तीन ते पाच तासांत संपतात. गेम बॉयला चारच लागतात आणि ते दहा तासांच्या वर सहज चालतात. जाहिरातीत सेलचा विषय निघत नाही.

आता हे सगळं एका छोट्या व्हिडिओवर करून बघा. जून २०१३, मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वनवर वापरलेली डिस्क दुसऱ्याला देण्या-विकण्यावरच्या अटींवरून ग्राहक भडकलेले. सोनीने अर्ध्या मिनिटाहून लहान व्हिडिओ काढला : सोनीचे एक अधिकारी शुहेइ योशिदा गेमची डिस्क दुसरे अधिकारी ॲडम बॉइज यांच्या हातात देतात, ते आभार मानतात, संपलं. प्रतिस्पर्ध्याचं नावसुद्धा नाही. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने अटी मागे घेतल्या. माझ्या मते या धंद्यातला हा सगळ्यात नेमका टोला. आणि यात काय दाखवलेलं नाही? सोनीच्या प्लेस्टेशन ४वर ऑनलाइन इतरांशी खेळायला बहुतेक गेमसाठी पैसे भरून सदस्यत्व घ्यावं लागणार, हे सोनीने त्याच महिन्यात जाहीर केलं होतं.